शानभाग, दुभाषी आणि आजचा भाषापदवीधर

आमच्या समाजातील आडनावांची यादी सहज चाळली तरी एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही. शानभाग, नाडकर्णी, कुलकर्णी, दुभाषी ही सारी आडनावे लेखणीची आहेत. गावचा जमाखर्च लिहिणारा तो शानभाग, नाडाचा हिशेब सांभाळणारा तो नाडकर्णी, आणि दोन माणसे एकमेकांची भाषा जाणत नसता त्यांच्यामध्ये उभा राहून व्यवहार घडवून आणणारा तो दुभाषी. घरी कोंकणी, देवघरातल्या पोथीत मराठी, संध्येत संस्कृत आणि कचेरीत कन्नड, अशी वाटणी या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. केळदीच्या नायकांच्या राज्यात सारस्वतांना जो मान मिळाला तो या हिशेबी आणि बहुभाषी लेखणीमुळेच मिळाला. या मंडळींना कोणी ‘भाषेत पुढे काय?’ असे विचारले नाही. भाषा हेच त्यांचे पुढे होते. चरितार्थ तिच्यावर चालत होता आणि घराण्याचे नावही तिनेच दिले होते.

हे स्मरण आज करण्याचे कारण असे, की अलीकडे आमच्या हाती महाविद्यालयांतून वाटली जाणारी काही मार्गदर्शनपर पुस्तिका व पत्रके आली. भाषा व भाषाविज्ञान या विषयांच्या विद्यार्थ्यांनी व्यवसायाची आखणी कशी करावी, अंगी कोणती ‘रोजगारक्षमता’ आणावी, याचे विवेचन त्यांत असते. साहित्यसमीक्षेच्या पानांत अशा पत्रकांचा परामर्श कशासाठी, असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर असे, की कादंबरी शंभर माणसे वाचतात आणि विसरतात; हे पत्रक मात्र अठरा वर्षांचा मुलगा घडी घालून खिशात ठेवतो, आणि त्याबरहुकूम आयुष्याची तीनचार वर्षे खर्च करतो. जे लिखाण एवढे मोठे काम अंगावर घेते त्याची पारख कवितेपेक्षा सौम्य हाताने करण्याचे कारण नाही.

प्रथम भाषेविषयी. भाषेच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या या पत्रकांची भाषा हीच त्यांची सर्वांत मोठी उणीव आहे. ‘संवादकौशल्य’, ‘व्यक्तिमत्त्वविकास’, ‘संघभावना’, ‘सकारात्मक दृष्टिकोन’ हे शब्द ओळीने येतात, आणि ते कोणाच्या तोंडून आले याचा पत्ता लागत नाही. वाक्ये परभाषेतून उचललेली, आणि तीही घाईने. नंतर एक यादी येते: शिक्षक, प्राध्यापक, अनुवादक, पत्रकार, जाहिरातलेखक, निवेदक, उपशीर्षकलेखक, संगणकक्षेत्रातील भाषातज्ज्ञ. यादी चुकीची नाही. परंतु ती पुण्याच्या विद्यार्थ्यास जितकी लागू पडते तितकीच पाटण्याच्या विद्यार्थ्यास, म्हणजे नेमकी कोणासच नाही. वाचणारा कोणत्या गावी उभा आहे, त्याच्या कानावर कोणत्या भाषा पडतात, त्याच्या जिल्ह्यात कोणती कागदपत्रे कोणत्या लिपीत पडून आहेत, याची विचारपूस यादी करीत नाही. वैद्याने नाडी न पाहता औषध द्यावे तसा हा प्रकार आहे.

आम्ही ही पत्रके बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात वाचली, आणि म्हणूनच ती आम्हांस अधिक खटकली.

या भूमीचा भाषिक वारसा आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. ज्या गुरुचरित्राचे सप्ताह महाराष्ट्रात घरोघर होतात, त्यातील गाणगापूर हे क्षेत्र कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यात, भीमा-अमरजेच्या संगमावर आहे. आणि तो ग्रंथ रचणारे सरस्वती गंगाधर हे मूळचे कन्नडभाषी होते. परभाषा म्हणून शिकलेल्या मराठीत त्यांनी ओवी रचली, आणि ती मराठी माणसाची नित्यपाठाची वाणी झाली. हुमनाबादजवळच्या माणिकनगरी श्री माणिकप्रभूंनी (१८१७-१८६५) मराठी, हिंदी आणि कन्नड या भाषांतून पदे रचली; ज्याला जी भाषा कळते त्या भाषेत त्याला गाऊन दाखवावे, हा सकलमत संप्रदायाचा स्वभावच होता. बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी. विज्ञानेश्वराची मिताक्षरा तिथली, आणि तिथल्याच सोमेश्वराच्या संस्कृत मानसोल्लासात मराठी गीतांचे जुने नमुने सापडतात. बीदर ही दखनीची एक जन्मभूमी. तिच्यातील पहिली मसनवी, ‘कदमराव पदमराव’, पंधराव्या शतकात तिथे लिहिली गेली, आणि त्या दखनीत जोर देण्यासाठी वापरला जाणारा ‘च’ हा आपल्या मराठीचाच. दामाजीपंतांच्या कथेत प्रत्यक्ष पांडुरंग विठू महाराच्या वेषाने बीदरच्या बादशहाकडे रक्कम भरून पावती घेऊन येतो. ती पावती कोणत्या लिपीत लिहिली होती हे कथा सांगत नाही. पण ती लिहिणारा कारकून दोनतीन भाषांचा जाणकार असणार, यात आम्हांस संशय वाटत नाही.

पुढचा इतिहास राजकीय आहे, आणि त्यातील वादात आम्ही येथे शिरू इच्छीत नाही. निजामी राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारशीची जागा उर्दूने घेतली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून चालू झाले, आणि त्यासाठी स्वतंत्र भाषांतरखाते उघडले गेले. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य संपले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले: उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले, जहीराबाद, नारायणखेड आंध्रात, उरलेला भाग म्हैसुरात. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या बाजूंस मराठी घरे राहिली ती राहिलीच. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. दाव्याचा निकाल कोणत्या बाजूने लागावा हा विषय निराळा. आमच्यापुढे आहे तो त्या घरांतील मुलगा, जो निकालाची वाट पाहत वयाने वाढत नाही असे नाही.

असा एक मुलगा गेल्या वर्षी आमच्याकडे आला. भालकी तालुक्यातल्या एका खेड्यातला, मराठी घेऊन एम. ए. झालेला. त्याने एका नोकरीसाठी अर्ज लिहिला होता आणि त्यावरून आम्ही नजर फिरवावी अशी त्याची इच्छा होती. अर्जात ‘अवगत भाषा’ असा रकाना होता. त्यात त्याने लिहिले होते: मराठी, हिंदी, इंग्रजी. आम्ही विचारले, कन्नड? तो म्हणाला, “ती काय, येतेच की सगळ्यांना. शाळेत होती, बाजारात बोलतो. पण ती माझी भाषा नाही ना, सर.” आणि उर्दू? “लिपी येत नाही. बोलायला येते, तेही आपले दखनी. ते कोण विचारतो?” ज्या इंग्रजीत त्यास चार वाक्ये सलग लिहिता येत नव्हती ती त्याने लिहिली होती, ज्या दोन भाषांत तो दिवसाचा अर्धा व्यवहार करतो त्या त्याने गाळल्या होत्या. अर्जातील ती रिकामी जागा पाहून आम्हांस वाईट वाटले. दुभाष्याच्या घरात जन्मलेल्या मुलाने आपण मुके आहोत असे लिहून द्यावे, तसे ते होते.

दोष त्या मुलाचा नाही. पाच वर्षांच्या शिक्षणात त्यास जे मोजावयास शिकविले गेले तेच त्याने मोजले. १९८० साली स्थापन झालेल्या गुलबर्गा विद्यापीठात कन्नड, हिंदी, उर्दू, मराठी यांची स्वतंत्र दालने आहेत, आणि २०२३ पासून बीदरसाठी वेगळे विद्यापीठही झाले आहे. ही दालने आहेत ही समाधानाची गोष्ट. सीमेपलीकडे राहिलेल्या भाषेला विद्यापीठात घर मिळणे सर्वत्र घडत नाही. परंतु आपल्याकडील बहुतेक विद्यापीठांप्रमाणे ही घरे एकमेकांस पाठ करून बांधली गेली आहेत. मराठीचा विद्यार्थी लीळाचरित्रापासून नवकवितेपर्यंत मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकतो. शेजारच्या दालनात कन्नडचा विद्यार्थी कविराजमार्गापासून नव्यापर्यंत कन्नड वाङ्मयाचा. दोघे एकाच बसने एकाच खेड्यातून येतात, बसमध्ये दोन्ही भाषांत बोलतात, आणि विद्यापीठाच्या दारात उतरताच एकभाषिक होतात. हा अभ्यासक्रम मुंबई-पुण्याच्या नमुन्यावरून उचलला गेला. तिथे तो शोभला. तिथल्या मुलाच्या दाराशी दुसरी भाषा अशी उभी नसते. इथे मात्र विद्यार्थ्याजवळ जे होते तेच त्याने बाहेर काढून ठेवावे, अशी अट त्याने नकळत घातली.

या अभ्यासक्रमातून एकच व्यवसाय सरळ निघतो, तो म्हणजे त्याच अभ्यासक्रमाचे अध्यापन. तीही वाट अरुंद होत चालली आहे. मराठी माध्यमाच्या शाळांतील पटसंख्या, रिकाम्या राहिलेल्या जागा, नेट किंवा सेटची परीक्षा आणि तिच्यानंतरची अतिथी व्याख्यात्याची वर्षानुवर्षांची उमेदवारी, या गोष्टी घराघरांत माहीत आहेत. संविधानाचे ३५०-अ हे कलम १९५६ साली आले. ते प्राथमिक शिक्षणात मातृभाषेची सोय करावयास सांगते; पुढचे काही सांगत नाही. कायद्याने काम कसे निर्माण होते हे पाहावयाचे असेल तर आमच्या कोंकणी वाचकांनी गोव्याकडे पाहावे. १९८७ च्या राजभाषा कायद्यानंतर, आणि १९९२ साली कोंकणी आठव्या परिशिष्टात गेल्यानंतर, कोंकणी येणे हीच तिथे शासकीय सेवेची एक पात्रता ठरली, आणि अनुवादकाच्या खुर्च्या निर्माण झाल्या. बीदरच्या मराठीला तसे पाठबळ नाही आणि लवकर मिळेल असेही नाही. म्हणून तिच्या विद्यार्थ्याने केवळ मराठीच्या बळावर उभे राहण्याचा हट्ट धरू नये, असे आम्हांस स्पष्ट सांगावेसे वाटते. हे लिहिताना काही वाचकांच्या कपाळावर आठ्या पडतील हे आम्ही जाणतो.

कारण याच भागात एक दार उघडे आहे, आणि त्याची किल्ली कन्नडमध्ये आहे. संविधानाच्या ९८ व्या दुरुस्तीने आलेल्या ३७१-ञ या कलमामुळे, ज्यास आता कल्याण कर्नाटक म्हणतात त्या भागातील स्थानिकांसाठी शासकीय सेवेत आणि शिक्षणात मोठा वाटा राखला गेला आहे. स्थानिक म्हणजे तिथला रहिवासी. त्याची मातृभाषा कोणती हे कलम विचारीत नाही. भालकीचा मराठी मुलगा त्यात बसतो. मात्र राज्याच्या सेवापरीक्षेत कन्नडची अनिवार्य कसोटी असते, आणि तेथे ‘बाजारात बोलतो’ एवढे कन्नड पुरत नाही; लिहिता यावे लागते. मराठी अस्मितेपायी कन्नड लिपीचा सराव सोडून देणारे तरुण आम्ही पाहिले आहेत. ती अस्मिता त्यांची असते, तोटाही त्यांचाच असतो, आणि भाषणे करणारे मात्र दुसरेच असतात.

दुसरे एक दार अठराव्या वर्षी बंद होते आणि बावीसाव्या वर्षी ते बंद असल्याचे कळते. बँकांतील राजभाषा अधिकाऱ्यांची भरती घ्या. तीस पदव्युत्तर हिंदी लागते आणि पदवीस इंग्रजी हा विषय असावा लागतो. संस्कृतचा पदव्युत्तर विद्यार्थीही चालतो, पण त्याच्या पदवीत हिंदी आणि इंग्रजी दोन्ही असाव्या लागतात. केंद्र शासनाच्या कनिष्ठ अनुवादकांच्या परीक्षेस अन्य विषयाचा, म्हणजे मराठीचाही, पदव्युत्तर पदवीधर बसू शकतो. अट एवढीच, की पदवीस हिंदी व इंग्रजी दोन्हींचा ठरावीक अभ्यास झालेला असावा, आणि अनुवादाची पदविका वा प्रमाणपत्र, नाहीतर दोन वर्षांचा अनुभव जवळ असावा. या अटी जाहिरातीत छापलेल्या असतात. गुप्त काही नाही. परंतु बी. ए.च्या पहिल्या वर्षी विषयांची निवड करताना, कोणत्या विषयास गुण अधिक पडतात एवढाच विचार होतो, आणि एका रकान्याच्या चुकीने संपूर्ण वाट मिटते. आम्ही पाहिलेल्या मार्गदर्शनपर पत्रकांत ‘अनुवादक’ हा शब्द प्रत्येक पानावर होता. ही अट मात्र एकाही पानावर नव्हती. ‘सकारात्मक दृष्टिकोना’वर खर्च केलेला परिच्छेद गाळून तिथे ही चार वाक्ये घातली असती तर त्या कागदाचे सार्थक झाले असते.

आता कागदांविषयी लिहू. आमचे मन या विषयात सर्वांत अधिक रमते, आणि वाचकांनी थोडा विस्तार सोसावा.

या दोन जिल्ह्यांतील जुनी जमीन तीन लिप्यांत लिहिली गेली आहे. गावच्या पटवाऱ्याची, म्हणजे कुलकर्ण्याची, टिपणे मोडीत. सरकारी सेतवार आणि हुकूम उर्दूत, त्याआधीचे फारशीत. १९५६ नंतरचे सारे कन्नडमध्ये. साल फसली. त्यात ५९० वा महिन्याप्रमाणे ५९१ मिळविले म्हणजे इसवी सन निघतो, हे आज किती वकिलांस ठाऊक आहे? भाऊबंदकीचा दावा लागला, इनामाचा प्रश्न निघाला, देवस्थानच्या जमिनीवर कोणी हक्क सांगितला, की हे कागद बासनातून बाहेर येतात आणि त्यांच्यासमोर सारे निरक्षर होतात. मोडी वाचणे म्हणजे केवळ अक्षरे ओळखणे नव्हे. बोरू न उचलता लिहिलेली ती वळणे, ऱ्हस्वदीर्घाचा अभाव, शब्द न तोडता चाललेली ओळ, जागोजाग केलेले संक्षेप. आणि एवढे पार करून हाती येणारा शब्द बहुधा फारशी असतो. ‘महजर’, ‘तकसीम’, ‘बिलमक्ता’ हे शब्द ज्यास माहीत नाहीत त्यास मोडी येऊनही कागद येत नाही.

या विद्येस बाजार नाही असे समजणाऱ्यांनी २०२३ साल आठवावे. त्या वर्षी महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातील जुन्या दप्तरांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. एकाएकी तालुक्यातालुक्यांत मोडी वाचणाऱ्यांची, उर्दू व फारशी जाणणाऱ्यांची शोधाशोध झाली. हैदराबादच्या निजामकालीन दप्तरांपर्यंत मंडळी जाऊन पोहोचली. लाखो कुटुंबांचे हितसंबंध ज्या ओळींत अडकले होते त्या ओळी वाचणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली. आरक्षणाच्या त्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो. भाषेच्या विभागांनी मात्र त्या दिवसांत मान खाली घालावयास हवी होती. मराठी विषयाचे पदवीधर शेकड्यांनी होते, आणि आपल्याच आजोबांचे हस्ताक्षर वाचणारे नव्हते.

कलबुर्गीस उच्च न्यायालयाचे पीठ २००८ पासून आहे, २०१३ पासून कायम झाले आहे. न्यायालय आले की भाषांतर आले. तेथील साक्ष कन्नडमध्ये, मूळ दस्त उर्दूत, पक्षकार मराठी, निकाल इंग्रजीत. अशा ठिकाणी शब्दकोश पाहून भाषांतर करणारा किती अनर्थ करील याची कल्पना एका शब्दावरून यावी. साक्षीदार कन्नडमध्ये ‘अनुमान’ म्हणतो तेव्हा त्यास ‘संशय’ म्हणावयाचे असते. मराठीत तोच शब्द तर्काने काढलेल्या निष्कर्षास लावतात. कन्नडमध्ये ‘प्रपंच’ म्हणजे जग, आपल्याकडे घरसंसार. ‘उपन्यास’ हिंदीत कादंबरी, कन्नडमध्ये व्याख्यान. संस्कृतचे एकच नाणे तीन बाजारांत तीन किमतींना चालते, आणि ते फरक ज्यास लहानपणापासून कानाने ठाऊक आहेत असा मुलगा आपल्या अर्जात कन्नड लिहीत नाही.

भाषाविज्ञानाचा विद्यार्थी म्हणेल, की हे झाले भाषेच्या विद्यार्थ्याचे, आमचे काय? त्याचीही परंपरा लहान नाही. शासनाच्या पदरी असलेल्या शास्त्री मंडळींनी १८२९ साली ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ छापला. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला तोही अशाच पगारी शास्त्र्यांच्या साह्याने. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ साली आरंभिलेल्या संस्कृत महाकोशासाठी सुमारे पंधराशे ग्रंथांतून कोटीच्या घरात चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. त्याचा पहिला भाग १९७६ साली छापून निघाला, आणि त्या चिठ्ठ्यांवर संस्कृत पदवीधरांच्या कित्येक पिढ्यांचे संसार चालले. कत्र्यांचा कोंकणीच्या घडणीवरील ग्रंथ आणि घाटगे यांनी केलेली दक्षिण कानड्यातील कोंकणीची पाहणी आमच्या वाचकांस परिचित आहेच. ना. गो. कालेलकरांनी तर याच विषयावर प्रसन्न मराठीत लिहिले, आणि ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ या पुस्तकास १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हैसूरची भारतीय भाषा संस्था १९६९ पासून आहे. भाषाशिक्षण, अनुवाद, भाषासामग्रीचे संकलन ही कामे तेथे चालतात. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साह्याने मराठी बोलींची जी पाहणी केली तीत गावोगाव जाऊन बोली ध्वनिमुद्रित करणारे तरुण भाषेचेच विद्यार्थी होते.

सीमाभागास या शास्त्रात एक विशेष स्थान आहे, आणि ते आमच्या विद्यार्थ्यांस कोणी सांगत नाही. सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावी मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू या भाषा शेजारी राहून इतक्या जवळ आल्या, की एकीतील वाक्य शब्दास शब्द ठेवून दुसरीत उतरविता येते. हे गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली मांडले, आणि तेव्हापासून जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत कुपवाडचे नाव घेतले जाते. बीदरची मराठी याच जातीची आहे. ‘तो येतो म्हणून सांगितला’ या वाक्यातील ‘म्हणून’ कन्नडच्या वळणाने वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो. पुण्याचा परीक्षक त्याखाली लाल रेघ ओढतो. भाषाशास्त्रज्ञ त्याच वाक्यासाठी आगगाडीचे तिकीट काढून येतो. ही रेघ ज्याने वर्षानुवर्षे सोसली तो आपली बोली लपवावयास शिकतो, यात नवल ते काय?

संगणकाच्या कामाविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्याचा गाजावाजा पुरेसा झालेला आहे. केंद्र शासनाची ‘भाषिणी’ योजना २०२२ पासून चालू आहे. यंत्रास भारतीय भाषा शिकविण्यासाठी माणसांनी बोललेली, लिहिलेली, तपासलेली वाक्ये लागतात, आणि ती तपासण्याचे काम भाषा जाणणाऱ्याकडे येते. सीमेवरचा तीन भाषांचा जाणकार येथे उपयोगी आहे. परंतु हे काम बहुधा तुकड्यावर मिळते, आज असते आणि उद्या नसते, आणि जे यंत्र आपण शिकवितो तेच उद्या साधे भाषांतर फुकट करू लागते. तेव्हा त्यावर घर बांधू नये. प्रवासखर्च निघाला तर घ्यावा.

आमच्या या साऱ्या लिखाणावर एक आक्षेप येईल आणि तो आम्हांस हलका वाटत नाही. वाङ्मयाचा अभ्यास पोटासाठी करावयाचा काय? तुकोबा आणि बसवण्णा वाचावयाचे ते न्यायालयातील भाषांतराची पूर्वतयारी म्हणून? असे आम्ही म्हणत नाही. वाङ्मयाचे वर्ग कापून तिथे ‘कौशल्या’चे तास घालणाऱ्या धोरणास आमचा विरोध आहे, आणि तो यापूर्वीही आम्ही नोंदविला आहे. ज्याने चांगली कविता सावकाश वाचली आहे तोच जुना दस्त सावकाश वाचू शकतो. घाईने वाचणाऱ्यास दोन्ही फसवितात. परंतु आक्षेप घेणारे बहुधा पगारदार असतात हेही खरे. केवळ ज्ञानासाठी ज्ञान असे म्हणणाऱ्या शास्त्र्यासही रमण्यातील दक्षिणा चालत होती, आणि माणिकनगर असो वा शृंगेरी, विद्यार्थ्याच्या भोजनाची सोय केल्यावाचून कोणत्याही पीठाने त्याच्याकडून विद्येची अपेक्षा केली नाही. आजच्या विद्यापीठाने विद्या ठेवली आणि भोजनपंक्ती विसरली.

देवस्थानांचे विश्वस्तही आमच्या वाचकांत पुष्कळ आहेत, म्हणून एक गोष्ट त्यांच्यापुढे ठेवतो. आपापल्या देवळाची सनद, इनामपत्रे, उत्सवाच्या जमाखर्चाच्या वह्या कोठे आहेत याची चौकशी त्यांनी एकदा करावी. बहुतेक ठिकाणी त्या तांबड्या फडक्यात, कसरीच्या स्वाधीन सापडतील. शिखरास रंग देण्याचा खर्च दर पाच वर्षांनी होतो. त्याच्या एका अंशात एखाद्या भाषापदवीधरास वर्षभर विद्यावेतन देऊन ते दप्तर वाचून, नकलून, सूची करून घेता येईल. त्यास अनुभवाचे पत्र मिळेल. आणि देवाची जमीन कोणती, हे देवाच्या माणसांस कळेल.

तो भालकीचा मुलगा पुन्हा एकदा आला होता. या वेळी बरोबर घरातला एक मोडी कागद होता, शेताच्या वाटणीचा. मोडी वाचणारे आमचे एक स्नेही पुण्याहून आले होते. त्यांनी भिंग लावून कागद वाचावयास घेतला. पश्चिमेस अमक्याचे शेत, उत्तरेस गाडीवाट, आणि पूर्वेस ‘हल्ला’. स्नेही थबकले. पूर्वेस हल्ला म्हणजे काय? काही दंगा, धाडबीड? तर्क सुरू झाले. एकाने रझाकारांचे नाव घेतले, पण कागद त्याच्या पुष्कळ आधीचा निघाला. मुलगा इतका वेळ गप्प बसला होता. तो ओशाळून म्हणाला, “सर, तो हळ्ळ असेल. कन्नडमध्ये ओढ्याला हळ्ळ म्हणतात. आमच्या शेताच्या पूर्वेला ओढाच आहे.” स्नेह्यांनी भिंग पुन्हा लावले. अक्षर ‘ळ’च होते. त्यांनी कागद त्याच्यापुढे सरकविला आणि पुढची ओळ त्यास वाचावयास सांगितली. त्यास मोडी येत नव्हती. म्हणून त्यांनी त्याच बैठकीत कागदाच्या पाठीवर त्यास पहिली पाच अक्षरे काढून दिली. अर्जाची एक कोरी प्रतही त्याने बरोबर आणली होती. तिच्यातील ‘अवगत भाषा’ हा रकाना अजून भरावयाचा होता.